मडक्यांच्या मधली खुर्ची

दौलतनानांनी नव्या कोऱ्या मडक्यांना भोकं पाडायला घेतली, तेव्हा दीपनगरच्या आमच्या लाइनीतल्या दोन बायकांनी सरळ दारं लावून घेतली. भोकाचं मडकं म्हणजे काय, आणि ते कुणाच्या खांद्यावर असतं, हे सांगायला लागत नाही. नाना मात्र ओट्यावर गोणपाट टाकून, मांडीत मडकं धरून, हाताच्या ड्रिलने शांतपणे काम करत होते. शेवटी माझ्या बायकोने मला पुढे केलं. मी म्हणालो, नाना, लोक बोलताहेत.

त्यांनी मडक्यातून फुंकर मारून धूळ उडवली.

"एक भोकनं मडकं अशुभ, भाऊ. याले दोन शेतस. एक तारनं, एक हवानं."

नाना वीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये होते. मूळचे साक्रीकडचे. साहेबांपुढे शुद्ध बोलत. खुशीत असले किंवा हातात काम असलं की अहिराणीवर येत. त्यांच्या मुलाने पुण्याहून एक कॉम्प्युटर आणून दिला होता. त्याच्यासोबत आलेले दोन स्पीकर साबणाच्या वडीएवढे होते. नानांनी ते एकदा ऐकले, खोक्यात परत भरले आणि भुसावळच्या बाजारात कुंभाराकडे गेले. मी सोबत होतो. गिऱ्हाईक मडकं वाजवतं ते गळकं आहे का बघायला. नाना वाजवत आणि डोळे मिटत. तेवीस मडकी वाजवून त्यांनी चार निवडली, वर एक रांजण. पाणी थंड होईल का, हे त्यांनी विचारलं नाही म्हणून कुंभारीण शेवटपर्यंत संशयाने बघत होती.

जुन्या रेडिओ आणि टेपमधले स्पीकर काढून त्यांनी मडक्यांच्या तोंडांवर बसवले. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, म्हणजे थरथर नको. मडकी दोरीच्या शिंक्यांत घालून खोलीच्या चार कोपऱ्यांत टांगली. रांजण कॉम्प्युटरच्या टेबलाखाली, घुमारा त्याचा. आवाज हव्या त्या मडक्यात पाठवायला भंगारातल्या चार बटणांचा एक खोका केला. मधोमध फरशीवर खडूने चौकोन आखला आणि त्यात एक लाकडी खुर्ची ठेवली. त्या खुर्चीत बसलेल्याच्या चहूबाजूंनी आवाज यायला हवा, हे सगळ्याचं सार.

आता यातली गोम सांगतो. नानांचा डावा कान लहानपणीच फुटून गेलेला. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. कॉलनीत कुणी हाक मारली की नाना जागच्या जागी पूर्ण गोल फिरत आणि माणूस दिसला की थांबत. म्हणजे या माणसाने घरात असं यंत्र उभं केलं होतं, की त्याची खुबी जगात सगळ्यांना कळली असती, फक्त त्यांना स्वतःला नाही.

वर्कशॉपमध्ये यावर भरपूर हसून झालं. आंधळ्याने आरसेमहाल बांधला, असं एक जण म्हणाला. नाना म्हणाले, बांधणाऱ्याने बघायचंच असतं असं कुठे आहे, बघणारे येतील की.

बघणारे आले. प्रत्येक जण एकदा. खुर्चीत बसला, मागून आवाज आल्यावर मान वळवून हसला, चहा प्यायला आणि गेला. नाना स्टुलावर बसून एकच प्रश्न विचारत: "कथाईन उना?" म्हणजे, कुठून आला? हा प्रश्न त्यांच्या तोंडी इतका बसला, की दुधवाल्यालाही ते दुधाबद्दल हेच विचारत.

नेमाने गेलो तो मी एकटा. मी स्टोअरला होतो, मोजण्याची सवय. खुर्चीपासून चारही मडक्यांचं अंतर सारखं हवं, हे मी टेप लावून दाखवून दिलं. मागचं डावं पाच इंच लांब निघालं. तेव्हापासून रविवारी सकाळी दहाला मी टेप घेऊन हजर. गाण्यावर नीट परीक्षा होईना, म्हणून नानांनी मायक्रोफोन लावून माझाच आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून घेतला. 'पुढचं डावं' म्हणायचं आणि एक ते दहा आकडे. मग 'पुढचं उजवं', असं चारही. सेकंदाला एक आकडा, मी घड्याळ बघून म्हटले होते. एका वहीत तारीख, चार अंतरं आणि शेवटच्या रकान्यात माझा शेरा: बरोबर, किंवा चूक. असे सत्त्याऐंशी रविवार झाले.

नानांच्या बायकोबद्दल आमच्यात बोलणं कमी होई. ती पुण्याला नातवाला सांभाळायला गेली होती, तीन महिन्यांसाठी. त्याला तीन वर्षं उलटली होती. भांडण नव्हतं. तिथे तिची गरज होती, इतकंच. इथे कशाची गरज आहे, ते नानांनी कधी कळवलं नसावं.

मग माझी धुळ्याला बदली झाली. नाना सामान चढवायला आले, ट्रकच्या दोऱ्या स्वतः आवळल्या. पुढे त्यांचं एक कार्ड आलं: मागच्या डाव्याबद्दल शंका आहे, सवड झाली तर या. मी उत्तरात सव्वा पानभर सूचना लिहून पाठवल्या. गेलो नाही. धुळ्याहून भुसावळ काही परदेश नव्हे, पण नाही गेलो.

बदलीनंतर दहाएक महिन्यांनी भुसावळला लग्न होतं. रविवार होता. दहाच्या सुमारास मी दीपनगरला उतरलो आणि नानांच्या दारापर्यंत आलो, तर आतून कुणीतरी खणखणीत आवाजात आकडे म्हणत होतं. आवाज माझा आहे हे कळायला मला चारपर्यंत ऐकावं लागलं.

दार लोटलेलंच होतं. नाना स्टुलावर बसले होते, मांडीवर वही. खडूच्या चौकोनात खुर्ची रिकामी. मी सात, आठ, नऊ, दहा म्हणालो आणि थांबलो. नानांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी हाक मारली. ते उठून सवयीने गोल फिरले, तोंड दाराकडे आल्यावर थांबले. पंच्याने खुर्चीची धूळ झटकली.

वही मी सहज पाहिली. माझ्या सत्त्याऐंशी ओळींखाली एकेचाळीस ओळी होत्या. प्रत्येक रविवारची तारीख, चारही अंतरं टेपने मोजून लिहिलेली. शेऱ्याचा रकाना रिकामा. जे आपल्याला कळत नाही, त्यावर बरोबर लिहिणारा हा माणूस नव्हता.

मी खुर्चीत बसलो. पहिली दोन मडकी ठीक. मग माझाच आवाज म्हणाला, मागचं डावं, आणि आकडे उजवीकडून यायला लागले. चौथ्याचे डावीकडून. कधीतरी सफाई करताना मागच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती.

"कथाईन उना?" नानांनी विचारलं.

एक क्षण वाटलं, बरोबर म्हणून टाकावं. इतक्या महिन्यांनी आलो आणि चूक काय सांगायची. पण त्या वहीत मी कधी खोटं लिहिलेलं नव्हतं.

"उजवीकडून, नाना. मागची दोन्ही उलटी लागलीत."

नानांचा चेहरा असा उजळला, जसं काही मी बक्षीस जाहीर केलं.

"उलटी शेतस? मंग ते बठ्ठं काढनं पडी," ते म्हणाले. म्हणजे, सगळंच काढावं लागणार. "तुमी बसा. उठू नका."

मडक्याला चांगला कान लावून पाहिलं असतं, तर ही चूक त्यांना त्यांची त्यांनाही सापडली असती. ज्या माणसाने डोळे मिटून तेवीस मडकी पारखली, त्याला एवढं सुचलं नसेल, हे मला आजही पटत नाही.

दोन तारा बदलायला चार मिनिटं लागतात. मीच पूर्वी घड्याळ लावून पाहिलं होतं. त्या दिवशी नानांना सव्वा तास लागला. आधी त्यांनी चहा केला, मग पकड शोधली, मग दोन्ही मडकी खाली उतरवून पुसली, आणि दर थोड्या वेळाने वळून खुर्चीत मी आहे ना ते पाहिलं. लग्नाचा मुहूर्त साडेअकराचा होता. मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं.