न वाचलेल्या पंचवीस पुस्तकांची निःपक्ष यादी

आमच्या सार्वजनिक ग्रंथालयातर्फे दरवर्षी ‘अवश्य वाचावीत अशी पंचवीस समकालीन पुस्तके’ ही यादी प्रसिद्ध होते. कादंबऱ्या तेरा, कथासंग्रह बारा. हे प्रमाण कोणी ठरवले त्याची फाइल सापडत नाही, त्यामुळे ते बदलताही येत नाही. यादी करणाऱ्या समितीचा मी सदस्य-सचिव आहे. हेडक्लार्क म्हणून ग्रंथालयात माझी बावीस वर्षे झाली असून या काळात मी एकही पुस्तक उघडल्याची तक्रार माझ्याविरुद्ध नाही.

मागच्या वर्षी एका सदस्याने आपल्या मेहुण्याची कादंबरी यादीत घुसवली आणि बराच गवगवा झाला. त्यावर वरून परिपत्रक आले, की ज्या सदस्याचा पुस्तकाशी ‘कोणत्याही प्रकारचा पूर्वसंबंध’ असेल त्याने त्या पुस्तकाच्या चर्चेत भाग घेऊ नये. हे परिपत्रकही नेहमीप्रमाणे न वाचताच फाइलला लागले असते. पण यंदा समितीत एक वकीलबाई होत्या, आणि त्यांना कागद वाचायची सवय होती.

“पूर्वसंबंध म्हणजे काय?” त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले.

“नातंगोतं, दुसरं काय,” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे पाणीपुरवठ्यातले निवृत्त अभियंते, मनाने फार चांगले.

“इथं ‘कोणत्याही प्रकारचा’ लिहिलंय. ज्यानं पुस्तक वाचलं, त्याचा संबंध आलाच. त्याचं मत होऊन बसलेलं असतं. तो निःपक्ष कसा राहणार?”

तिसरे सदस्य दातांचे डॉक्टर. ते इतका वेळ घड्याळाकडे बघत होते, ते एकदम खुलले. “म्हणजे शिफारस करायची तर पुस्तक वाचलेलं नसलं पाहिजे?”

“कायद्यानं तसंच होतं.”

ठराव एकमताने मंजूर झाला. मी इतिवृत्तात लिहिले, ‘सर्व सदस्य पूर्णपणे पात्र आढळले.’

मग काम धडाक्यात सुरू झाले. समकालीन म्हणजे लेखक हयात असला पाहिजे, म्हणून सगळ्यांकडून हयातीचे दाखले मागवले. एका कथाकाराने कळवले, ‘मी जिवंत आहे, पण तुमचे पत्र आल्यापासून तसे वाटत नाही.’ पत्राच्या पूर्वार्धाची नोंद घेण्यात आली. कादंबऱ्यांची जाडी अध्यक्षांनी जातीने पट्टीने मोजली. तीन सेंटिमीटरच्या पुढची ती ‘गंभीर’, आतली ती ‘हृदयस्पर्शी’. दोन बैठकांत चोवीस पुस्तके झाली. एका कथासंग्रहाची जागा तेवढी उरली.

तेव्हा देवघेवीच्या बाई आत आल्या. या आमच्या काउंटरवर बसतात, पुस्तके देतात, परत घेतात. त्यांच्या हातात एक सडपातळ पुस्तक होते.

“साहेब, हा कथासंग्रह घ्या ना यादीत. तीन वर्षांत कुणी नेलेला नाही. महिनाअखेर निर्लेखनात जाईल.”

निर्लेखन म्हणजे दप्तरातून नाव कमी करून पुस्तक लगद्याला पाठवणे.

“एकच प्रत आहे हो,” बाई म्हणाल्या. “प्रकाशकाकडेही उरलेली नाही. यादीत आलं तर वाचेल.”

“तुम्ही वाचलंय?” वकीलबाईंनी विचारले.

“चार वेळा.”

“मग तुम्हाला बोलता येणार नाही.”

बाईंचा चेहरा पडला. “मग बोलायचं कुणी?”

“ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी,” डॉक्टरांनी प्रेमाने समजावले.

अध्यक्षांना दया आली. “मी मांडतो प्रस्ताव. मी हे पुस्तक आजवर बघितलेलंसुद्धा नाही. फक्त पानं किती ते घरी जाऊन मोजतो.”

पुढच्या बैठकीला अध्यक्ष आले ते हरवल्यासारखे. पाण्याचा ग्लास हातात धरून बसले आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “काय माणूस आहे हो तो लिफ्टवाला. आठ वर्षं लिफ्ट बंद, आणि हा रोज वेळेवर येऊन आत स्टुलावर बसतो. लोक येतात, दार ओढतात, गाऱ्हाणं सांगतात आणि त्याच मजल्यावर उतरतात.”

“अध्यक्ष,” वकीलबाई म्हणाल्या, “आपण वाचलंत.”

“एकच गोष्ट.”

“पृष्ठ क्रमांक सांगू नका, इतिवृत्तात येईल.”

अध्यक्ष अपात्र ठरले. आता प्रस्ताव डॉक्टरांकडे गेला. मुखपृष्ठाची तपासणी एवढ्याच कारणासाठी त्यांनी पुस्तक दवाखान्यात नेले. आठवडाभर त्यांचे रोगी तोंड उघडून खुर्चीत पडून राहिले आणि डॉक्टर त्यांना मोठ्याने वाचून दाखवत राहिले. रोग्यांना तक्रार करता येत नव्हती. तोंड मोकळे झाल्यावरही त्यांनी ती केली नाही, उलट दुखत नसलेल्या दाताचे निमित्त काढून पुन्हा आले.

बैठकीत डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, “चौथ्यांदा ती पोस्टातली बाई लिफ्टमध्ये जाते, ते लेखकानं नको होतं करायला.”

“तिसऱ्यांदा जाते,” वकीलबाई पटकन म्हणाल्या. “चौथ्यांदा नुसती दारापर्यंत.”

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“दवाखान्यातून मागवून घेतलं आणि पुरावा म्हणून वाचलं,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही वाचलंय की नाही ते ताडून बघायला.”

“सगळं?” डॉक्टरांनी विचारले.

“अर्धवट पुरावा ग्राह्य नसतो.”

उरलो मी. आणखी कोणी बाटू नये म्हणून पुस्तक माझ्या खणात कुलूपबंद केले. किल्ली माझ्याच खिशात होती, हीच चूक झाली. जेवणाच्या सुट्टीत पहिले पान उघडले आणि बावीस वर्षांची कोरी सेवा एका दुपारी कामातून गेली. इतका हसलो की बाई काउंटर सोडून धावत आल्या. शेवटच्या गोष्टीला रडलोही. इतिवृत्तात यातले काही नाही, पण रडलो.

त्यानंतर समितीच्या चार जादा बैठका झाल्या. विषयपत्रिकेवर ‘संकीर्ण’ एवढेच असे. हसण्याच्या आवाजाने वाचनकक्षातले लोक वर्तमानपत्र खाली ठेवून दाराशी येत. अध्यक्ष लिफ्टवाला होत, डॉक्टर दार ओढत, आणि वकीलबाई पोस्टातल्या बाईचे गाऱ्हाणे असे सांगत की चहा गार होई. अशा प्रकारे हे पुस्तक सर्वानुमते सर्वांना आवडले आणि म्हणून सर्वानुमते वगळले गेले. पंचविसाव्या जागी एक कथासंग्रह आला, ज्याचे प्लॅस्टिकचे वेष्टनसुद्धा कोणी फोडलेले नव्हते.

“निदान माझ्या कार्डावर तरी नोंदवा,” अध्यक्ष म्हणाले. “नेल्याची एक नोंद झाली की निर्लेखन टळेल.” पण त्याच परिपत्रकाने सदस्यांची कार्डे स्थगित होती, आणि कर्मचाऱ्यांना कार्ड मिळतच नाही.

मी निर्लेखन विभागाला विनंतीपत्र लिहिले: पुस्तक प्रत्यक्षात भरपूर वाचले गेले आहे. तिथल्या तपासनिसांनी पुरावा मागितला. मी मुडपलेली पाने, चहाचे डाग आणि सुटत आलेली शिवण दाखवली.

“बरं झालं दाखवलंत,” ते म्हणाले. त्यांच्या नमुन्यात दोन कारणे छापलेली होती. एक, तीन वर्षांत कोणीही न नेलेले. दोन, अतिवापराने जीर्ण. त्यांनी दोन्हींवर खूण केली. एकाच पुस्तकाला दोन्ही कारणे लागू झाल्याचे हे पहिलेच उदाहरण म्हणून त्यांनी माझे अभिनंदनही केले.

एकच मार्ग उरला, बाहेरच्या कोणीतरी आपल्या कार्डावर पुस्तक नेण्याचा. शेवटच्या दिवशी बाईंनी ते काउंटरवर उभे करून ठेवले. त्या दिवशी आमची यादीही भिंतीवर लागली होती, आणि लोक रांग लावून तिचा फोटो काढत होते. फोटो काढून झाला की बाई एकेकाला म्हणत, “हे न्या. यादीत नाही, पण फार छान आहे. आज कुणी नेलं नाही तर लगद्याला जाईल.”

लोक हळहळले. एका आजोबांनी पुस्तकावरून हात फिरवला. एक ताई म्हणाल्या, “अरेरे, असं कसं करतात? नाव सांगा, लिहून ठेवते.” बाईंनी नाव सांगितले. दिवसभरात त्रेचाळीस जणांनी नाव लिहून घेतले. बाई दर वेळी अक्षर न अक्षर नीट सांगत होत्या. पाच वाजता गाडी आली, आणि पुस्तक तिच्यात गेले.

बाईंनी काउंटर आवरला आणि मला ‘येते’ एवढेच म्हणाल्या. मी त्यांच्या जागी असतो तर आणखी बरेच बोललो असतो.

आता एवढे सगळे ऐकल्यावर तुम्हालाही त्या पुस्तकाचे नाव हवे असेल. सांगायला माझी ना नाही. फोन काढलाच आहे तर घ्या लिहून, म्हणजे त्रेचाळिसाचे चव्वेचाळीस होतील.