लोंबकर सरांनी लाख लावलेली जीप

एका जंगलात, बाळांनो, जिपांचा एक थांबा होता. ज्यांची पोटं सुटलीत आणि ज्यांना मांडी घालता येत नाही, त्यांनाही मी बाळच म्हणतो. गुमान ऐका.

थांबा वडाखाली होता. तिथून बाजाराला सात जिपा जायच्या. वडाप. म्हणजे दाटीवाटीनं बसायचं, शेजारच्याचं शेपूट आपल्या मांडीवर घ्यायचं आणि कुणी शिंकलं की सगळ्यांनी मिळून हलायचं.

आता तुम्ही म्हणाल, जनावरांना चार-चार पाय असताना जीप कशाला? तुम्हाला दोन आहेत ना? मग कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्ही कशानं जाता? बसा गप.

सातव्या नंबरची जीप होती धोंडजी रानडुकराची. सातवा नंबर म्हणजे फार वाईट. पहिल्या सहा जिपा भरून जाईपर्यंत बाजाराला जाणारं जंगलच संपायचं. उरायची एक गोगलगाय. ती म्हणायची, "नको रे, मी कालच निघालेय."

धोंडजी रिकामी जीप घेऊन घरी जायचा. दारात बायको चंपाबाई आणि अकरा पोरं उभी असायची.

"आज कोण बसलं होतं, बाबा?"

"वारा."

कुणी हसायचं नाही.

हा नंबर ठरायचा कसा? दरवर्षी एकदा आवाजाची स्पर्धा व्हायची. ज्याच्या जिपेतलं गाणं सगळ्यात गोड, त्याला वर्षभर पहिला नंबर. ब्रेक कुणी तपासत नव्हतं. ब्रेकला कुठं सूर असतो?

तीन वर्षं पहिला नंबर कोल्हेमामांचा होता. कोल्हेमामा म्हणजे कोल्हाच. रोज जाता जाता काच खाली करून विचारायचे, "काय धोंडजी, आज वारा का धूळ? धूळ असेल तर जरा दाबून बसव, दोन सीट जास्त बसतील."

एक दिवस धोंडजीचे केस उभे राहिले. तसे ते उभेच असतात, पण त्या दिवशी रागानं राहिले. "यंदा डॅशबोर्डवर पॉड बसवणार!" तो म्हणाला.

पॉड म्हणजे स्पीकरचं घरटं. साधा स्पीकर दारात असतो, आणि तो गुडघ्याशी बोलत बसतो. गुडघ्याला गाण्यातलं काय कळतंय? म्हणून डॅशबोर्डच्या दोन कोपऱ्यांत दोन फुगीर घरटी करायची, त्यात स्पीकर बसवायचे आणि त्यांची तोंडं ऐकणाऱ्याच्या कानाकडे वळवायची.

हे काम ठोकळे मिस्त्रींचं. ठोकळे मिस्त्री सुतारपक्षी होते. त्यांनी चोचीनं लाकडाच्या दोन रिंगा कापल्या. नदीवर आंघोळीला आलेला कुणी माणूस बनियन विसरून गेला होता. तो बनियन रिंगांवर ताणून बसवला. वरून धावड्याच्या डिंकाचे तीन हात दिले. डिंक वाळून दगड झाला. मग पुट्टी. मग घासकाम. सँडपेपर नव्हता, म्हणून घोरपडीची पाठ वापरली. घोरपड सगळा वेळ हसत होती, त्यामुळे डाव्या पॉडवर जरा लाटा उठल्या. शेवटी काळं रेक्झिन चढवलं. जिपेला दोन टेंगळं आल्यासारखं दिसत होतं, पण टेंगळं देखणी होती.

"आता तोंडं कुठं वळवायची?" धोंडजीनं विचारलं.

"ते लोंबकर सर सांगणार," मिस्त्री म्हणाले. "आपण नुसते ठोकणारे."

लोंबकर सर म्हणजे वटवाघूळ. जंगलातला सगळ्यात तिखट कान. पानावर मुंगी शिंकली तर कुठल्या नाकपुडीतून शिंकली तेही सांगायचे. पॉडची तोंडं एकदा लावून झाली की सर प्रत्येक स्क्रूवर लाख ओतायचे आणि वर आपला अंगठा उमटवायचे. सरांची लाख असेल तरच जीप स्पर्धेत. लाख फुटलेली दिसली की बाद.

सर गॉगल लावून आले. धोंडजीनं सीट झटकली. "बसा सर."

"मी बसत नसतो," सर म्हणाले. आणि छताची दांडी पायानं धरून उलटे लटकले.

"मिस्त्री, दोरा."

मिस्त्रींनी दोन दोरे घेतले आणि दोन्ही पॉडच्या मध्यापासून सरांच्या दोन्ही कानांपर्यंत ताणले. दोरा जिथं जातो तिथं आवाज जातो, असा या धंद्यातला हिशेब. सरांचे कान छतापासून वीतभर खाली होते.

"पॉडची तोंडं वर घे. अजून वर. छताकडे."

"छताकडे, सर?"

"कान माझे आहेत का तुझे?"

मिस्त्रींनी तोंडं छताकडे वळवली. सुतारपक्ष्याचे कान पिसांत झाकलेले असतात, तो काय बोलणार?

"आता डावी वायर उजवीकडे लाव, उजवी डावीकडे. वाजव." सरांनी डोळे मिटले. "अहाहा! गायिका अगदी मधोमध उभी आहे. तबलजी डाव्या हाताला. मला तिच्या नथीतला मोती दिसतोय!"

सरांनी लाख ओतली, अंगठे उमटवले आणि गॉगल पुसून पुन्हा लावला.

धोंडजी सीटवर बसला. गाणं लावलं. गायिका जिपेच्या टपावर चढून बसली होती. तबलजी भलत्याच बाजूला गेला होता. पेटीवाला बहुतेक दुसऱ्याच जिपेत होता.

"सर, माझी गायिका टपावर गेली."

"तुझे कान कुठं आहेत?"

"डोक्याला."

"डोकं कुठं आहे?"

"वर."

"मग तिथंच तुझं चुकतंय," सर म्हणाले.

चंपाबाई पदर खोचून आत आली, घटकाभर ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हे उलटे लटकून ऐकत होते! म्हणून सगळं उलटं झालंय. मिस्त्रीभावजी, तोंडं खाली करा आणि वायरी बदला. किती वेळ लागेल?"

"विडी संपायच्या आत होईल, वहिनी. पण ती लाख..."

"फोडा लाख."

जंगल थिजलं. घोरपडीचं हसू तिथंच थांबलं.

"फोडून काय करू? बाद होऊ?" धोंडजी ओरडला. "सातव्या नंबरावर मरू?"

"आणि वहिनी," मिस्त्री हळूच म्हणाले, "सरांच्या कानावर शंका घेतली तर उद्यापासून माझ्याकडे कोण येईल?"

धोंडजी मग स्वतः छताच्या दांडीला लटकला. चार वेळा पडला. पाचव्या वेळी टिकला. आणि खरंच, गायिका टपावरून उतरून मधोमध आली. धोंडजीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कपाळावर वाहत गेलं.

"चंपे, मोती दिसतोय गं!"

"आणि रस्ता?" चंपाबाईनं विचारलं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. परीक्षक होते ढालगावकर आप्पा. कासव. वय दोनशेच्या पुढं. कासवाचे कान कुठं असतात ते मला विचारू नका. परीक्षकाला कान पाहिजेत असा तिथं नियम नव्हता. तुमच्याकडे आहे का?

गुण देण्याची पद्धत सोपी होती. आप्पा जिपेत बसायचे, गाणं लागायचं, आणि आवडेल तशी त्यांची मान कवचातून बाहेर यायची. एक मुंगळा दोरीनं ती मोजायचा. कोल्हेमामांच्या जिपेत मान चार बोटं बाहेर आली. दुसऱ्यांच्या जिपांत एक बोट, दोन बोटं. एका जिपेत मान आत गेली ती परत बोलावायला लेट्युसची... नाही, जंगलात लेट्युस नसतं, पालेभाजीची जुडी दाखवावी लागली.

मग धोंडजीचा नंबर आला. सातवा.

"आप्पा," धोंडजी हात जोडून म्हणाला, "ऐकताना जरा उलटं व्हाल का?"

"बाळ," आप्पा म्हणाले, "मी आयुष्यात एकदाच उलटा झालो. सरळ व्हायला तीन पावसाळे गेले."

"मग परीक्षक बदला!" वरच्या फांदीवरून लोंबकर सर म्हणाले.

आप्पांची मान आत गेली. मुंगळ्यानं लिहून घेतलं, उणे एक.

कोल्हेमामा खोकल्यासारखं हसले. "धोंडजी, वाऱ्याला सांग, सीट धरून ठेव म्हणावं."

धोंडजीनं वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला त्याची अकरा पोरं ओळीनं उभी होती. त्यांची शेपटं नेहमी गोल गोल फिरायची. आज अकराच्या अकरा सरळ खाली लोंबत होती. "बाबा, आता घरी जायचं का?" थोरल्यानं विचारलं.

धोंडजीला राहवलं नाही. "आप्पा उलटे होत नसतील तर जीप होईल!" तो ओरडला. त्यानं जिपेखाली मुसंडी मारली, मान ताठ केली आणि जोर लावला. जीप एका बाजूला कलली, दोन चाकांवर क्षणभर उभी राहिली आणि धाडकन टपावर पडली. चाकं आभाळाकडे. ऑइल मातीत, पाणी गवतात, बॅटरीचं झाकण कोल्हेमामांच्या पायाशी. पॉडला ओरखडाही नाही. मिस्त्रींचं काम होतं ते.

आप्पा सरपटत दारातून आत गेले आणि छतावर बसले. छत आता खाली होतं. आप्पांचं डोकं छतापासून वीतभर. सरांचे कान जिथं होते, अगदी तिथं.

गाणं लागलं.

मान चार बोटं बाहेर आली. सहा. आठ. मुंगळ्याची दोरी संपली. दोनशे वर्षांत कुणी पाहिला नव्हता असा आप्पांचा गळा लोकांना दिसला. तो गोरापान होता.

"या गायिकेला सर्दी झालीय," आप्पा हुंदका देत म्हणाले. "पण फक्त उजव्या बाजूला. पहिला नंबर!"

जंगल नाचलं. अकरा शेपटं पंख्यासारखी फिरायला लागली.

कोल्हेमामा मात्र चिडले. "उलट्या जिपेला नंबर? ही चालणार कशी?"

"ही आवाजाची स्पर्धा आहे," आप्पा म्हणाले. "चालण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. आणि ऐका. जिंकलेली जीप जशी जिंकली तशीच वर्षभर थांब्यावर राहील. सरळ केली की नंबर गेला."

लोंबकर सर खाली आले. टप जिथं जमिनीला टेकला होता तिथं चारी बाजूंनी लाख ओतली आणि अंगठा उमटवला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. उलट्या जिपेशेजारी उभा राहून धोंडजी ओरडू लागला, "चला बाजार, बाजार, बाजार! दोनच सीट! लगेच निघणार!"

पहिली आली भेकरआजी, करवंदांची टोपली घेऊन. तिनं लोंबणाऱ्या सीटकडे पाहिलं. "अगं बाई, सीट वर घेतल्या वाटतं. पाय पसरायला बरं झालं." ती आत बसली. मग ससे आले, मोर आला, माकडांचं अख्खं कुटुंब आलं. गाणं सुरू होतं. मधूनमधून धोंडजी बॉनेटवर थाप मारून म्हणत होता, "अजून एकच सीट!" कधी निघणार असं कुणीही विचारलं नाही. वडापात बसणाऱ्याला थांबायची सवयच असते. गाडी हलेना म्हणून कुणाला संशय येत नाही, हलली तर येतो.

दिवस कलला तसे सगळे उतरले.

"काय सुरेख प्रवास!" मोर म्हणाला. "एक धक्का नाही. रस्ता नवा केलेला दिसतोय."

"बाजार उठला असेल आता," भेकरआजी म्हणाली. "उद्या येते रे. माझी खिडकीची जागा धर."

कोल्हेमामांची जीप त्या दिवशी रिकामी गेली, रिकामी आली. आठवडाभर त्यांनी दात खाल्ले. मग एका सकाळी लोकांनी पाहिलं, तर कोल्हेमामांची जीपही टपावर. दिवाळीपर्यंत सातही जिपा चाकं वर करून ओळीत उभ्या. ठोकळे मिस्त्रींना चोच टेकायला वेळ मिळेना.

चंपाबाईला हे बघवेना. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, झाला ना हट्ट पुरा? पहिला नंबर मिळाला, जीप गच्च भरली. आता चौघांना हाताशी घ्या, ती सरळ करा आणि एकदा तरी या लोकांना बाजारात न्या. भेकरआजींच्या करवंदांची दारू व्हायला लागलीय."

धोंडजीनं आत वाकून पाहिलं. शेपटाला शेपूट लागलं होतं, गाणं चालू होतं. त्याचा ऊर भरून आला.

"वेडी का काय तू?" तो कुजबुजला. "जन्मात पहिल्यांदा गाडी भरलीय. हलवली तर पोचेल. पोचली तर उतरतील."

तात्पर्य : बाळांनो, जाणत्याची चूक झाली तर स्क्रू सैल करत बसू नये. त्यात विडीभर वेळ जातो आणि जाणत्याचा अपमान होतो. त्यापेक्षा गाडीच उलटी करावी. नंबर पहिला येतो, जागा सगळ्या भरतात, आणि कुठंच पोचायचं नसल्यामुळे कुणाला उशीर होत नाही.