घरचा काटा

दोन आटे. फक्त दोन आटे फिरवायचे, असं निरीक्षकसाहेबांनी ठरवलं आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

साहेब वजनमापं खात्यात निरीक्षक होते. गावभरच्या दुकानदारांचे काटे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला तर त्यांनी बारदानासकट, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजनही धरून, माल तोलतो म्हणून भर गिऱ्हाइकांत दंड केला होता. (तेव्हापासून किराणावाला त्यांना जरा जास्तच वाकून नमस्कार करी.) अशा माणसाला आपल्याच घरातल्या काट्याची धडकी भरावी, हे खात्याला शोभणारं नव्हतं.

पण रक्तदाब वाढला आणि डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या: गोळी घ्या, चाला आणि वजन उतरवा. गोळीला चव नसते, त्यामुळे ती साहेबांनी मुकाट्याने सुरू केली. चालायला म्हणून ते कोपऱ्यापर्यंत जात आणि दम लागायच्या आत परत येत. राहिलं वजन, आणि ते बाईसाहेबांनी हातात घेतलं. घरात साहेब म्हणून हाक त्यांना असली, तरी हुकूम बायकोचाच चाले. बाईसाहेबांनी तबकडीचा वजनकाटा विकत आणून न्हाणीघराच्या दाराशी ठेवला आणि कायदा केला. दर रविवारी वजन. काटा उतरला तर दुपारी तळलेले बटाटे, नाही उतरला तर उकडलेला भोपळा.

सलग तीन रविवार भोपळा खाल्ल्यावर साहेबांनी पान्हा काढला.

शून्य सरकवणं हे नवशिक्याचं काम, ते कोणाच्याही लक्षात येतं. साहेबांनी आतली स्प्रिंगच आवळली. ही युक्ती त्यांनी उमेदीच्या काळात एका भंगारवाल्याकडे पकडली होती आणि त्याला काट्याशी बेइमानी म्हणजे देवाशी बेइमानी वगैरे बरंच सुनावलंही होतं. रिकामा काटा अगदी शून्यावर राही, फक्त वर कोणी चढलं की जरा दयाळूपणे बोले.

रविवारी साहेब दोन किलो उतरले. बटाटे मिळाले. सुंठेवाचून खोकला गेला, असं समजून ते दुपारी गाढ झोपले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती. त्या काट्यावर बाईसाहेबही उभ्या राहत.

"अहो," बाईसाहेब सोमवारी म्हणाल्या, "तुमचं उतरलं ते ठीक. माझं कशानं उतरलं?"

"हवेनं," साहेब म्हणाले.

"हवेनं?"

"हवापालट झाला की उतरतं कधी कधी."

"आपण गेलो कुठं होतो?"

साहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

बाईसाहेबांना वाटलं, आपण फारच कडक पथ्य केलं, दोघंही खंगायला लागलो. त्यांनी जेवणात लोणी आणलं, साय आणली, रात्रीचं गोड आणलं. साहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला. पण खाल्लेलं अंगाला लागणारच. काटा वर चढू लागला तसे ते आणखी आटे फिरवू लागले. आटे फिरले की बाईसाहेब आणखी रोडावत, घाबरून आणखी लोणी आणत, आणि साहेब पुन्हा पान्हा शोधत. बाईसाहेब मात्र हल्ली फार बोलत नव्हत्या. दुपारीसुद्धा पेंगत होत्या, हातपाय गार पडतात म्हणत होत्या. साहेबांनी ते पाहिलं आणि वयाच्या खात्यावर टाकून दिलं.

मग तपासणीची तारीख आली. दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी साहेबांना काट्यावर उभं केलं आणि चष्मा वर केला.

"पाच किलो वाढलंय."

"वाढलंय कसं?" बाईसाहेब म्हणाल्या. "घरी सात किलो उतरलंय. आणि माझंसुद्धा उतरतंय."

"चढा बघू तुम्ही."

बाईसाहेब चढल्या. "तुमचं किलोभर वाढलेलंच दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईसाहेब खुर्चीवर बसल्या. पदर चाळवत हळूच म्हणाल्या, "मी थायरॉईडची गोळी बंद केलीय. त्या गोळीनंच वाळतेय असं वाटलं. तरीही वाळतच गेले, तेव्हा म्हटलं, मोठंच काहीतरी दुखणं असणार. यांना सांगितलं नाही, यांचा आधीच रक्तदाब." आणि त्यांचे डोळे भरून आले.

बायको इतके दिवस शेजारी बसून मरणाला भीत होती आणि आपण बटाटे खात होतो. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अहो," बाईसाहेब म्हणाल्या, "तुमची वजनांची पेटी गाडीत आहे ना? या डॉक्टरीणबाईंचा काटा तपासा. घरचा तर रोज तुमच्या नजरेखाली असतो, तो बरोबरच असणार. म्हणजे यांचा खोटा असला तर मला दुखणं आहे. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तपासा की. माझी हरकत नाही."

साहेबांनी पेटी आणली. वीस किलोचं वजन ठेवलं, काट्याने वीस दाखवले. आणखी एक ठेवलं, चाळीस दाखवले. सबंध नोकरीत इतका इमानी काटा त्यांनी पाहिला नव्हता. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. साहेबांनी कपाळ पुसलं.

"यांचा बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग घरचा?"

"घरच्यात फेरफार आहे."

"कोणी केला?"

"आरोपी हजर आहे," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

बाईसाहेबांनी आधी सुटकेचा मोठा श्वास घेतला. मग दुसरा श्वास घेतला, तो निराळा होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या मध्ये खुर्ची सरकवून घेतली. "गोळी उद्यापासून पुन्हा सुरू, रक्त तपासून घेऊ," त्या म्हणाल्या. "आणि मला विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करायची नाही. आम्ही वजनाबरोबर रक्तही बघतो, तुम्ही नुसता काटा बघता." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही रोज चाला. आणि पान्हा कुलपात ठेवा."

घरी आल्याबरोबर तो काटा जप्त झाला. भोपळा कायम झाला. बाईसाहेबांची गोळी सकाळी उपाशीपोटी, न चुकता, साहेबांनी स्वतः पाण्याच्या पेल्यासह द्यायची असं ठरलं. थोड्याच दिवसांत बाईसाहेबांची पेंग गेली आणि आवाज पूर्ववत झाला, याचा साहेबांना खराखुरा आनंद झाला. तो त्यांना पुढच्या रविवारपर्यंत पुरला.

कारण वजन आता घरी होत नाही. रविवारी सकाळी बाईसाहेब त्यांना कोपऱ्यापर्यंत चालवत नेतात. किराणावाला मोठ्या काट्यावरचं बटाट्याचं पोतं उतरवतो, फळी फडक्याने पुसतो आणि पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना जरा बाजूला व्हायला सांगतो.

"साहेब, आधी शून्य बघून घ्या," तो पहिल्याच रविवारी अदबीने म्हणाला.

साहेबांनी बघितलं आणि चढले. किराणावाल्याने वाकून आकडा मोठ्याने वाचला. मग बाईसाहेबांकडे पाहून नम्रपणे विचारलं, "बाईसाहेब, बारदान किती वजा करू? नाहीतर मला पुन्हा दंड व्हायचा."

बाईसाहेबांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काही वजा करू नका," त्या म्हणाल्या. "सगळा मालच आहे."