बुडत्या राज्याचे व्याही

रायपुरात मुलीला सरकारी नोकरीवाला मुलगा सांगून आला, की बाप आधी देवापुढे नारळ फोडतो आणि मग मुलाचं नाव विचारतो. आमचे शेजारी काळबांडेकाका तेवढे असं स्थळ आलं की हात जोडायचे आणि म्हणायचे, "माफ करा बाप्पा. बुडत्या घरी पोट्टी देत नाही मी."

बुडतं घर म्हणजे छत्तीसगडचं राज्य सरकार.

काका मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य काढून निवृत्त झालेले. बूढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काकू लवकर गेल्या. घरात काका आणि त्यांची मुलगी पल्लवी, आणि तिसरा कायमचा पाहुणा म्हणजे राज्याचा घाटा. सकाळी पेपर आला की काका आधी त्याची तब्येत पाहायचे. पहिल्या पानावर प्रदेश किती समृद्ध झाला याची पानभर जाहिरात असायची आणि आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या शेजारी, सरकार बाजारातून पुन्हा कर्ज उचलणार असल्याच्या चार ओळी. काका जाहिरातीत दाढीचा ब्रश गुंडाळायचे आणि चार ओळी मोठ्यानं वाचायचे. भिंतीपलीकडून मला ऐकू जाव्यात म्हणून. कारण मी सरकारी शाळेत मास्तर.

"मास्तर, ऐकलं का? जुन्या कर्जाचं व्याज द्याले नवीन कर्ज काढून राहिले. घाटा हाय बाप्पा, घाटा!"

"काका, सगळीच राज्यं काढतात."

"सगळेच दारू पितेत, म्हणून लिव्हर खराब होत नाही का?"

काकांचं अर्थशास्त्र एका प्रश्नावर उभं होतं : "मशीन कोनाकडे हाय?" मशीन म्हणजे नोटा छापायचं. ते केंद्राकडे. काकांची पेन्शन केंद्राची, म्हणून काका निर्धास्त. माझा पगार राज्याचा, आणि राज्याकडे काकांच्या मते फक्त पावती-बुक आणि गाड्यांवरचे दिवे. त्यामुळे ते माझ्याशी बोलताना दवाखान्यात भेटायला आल्यासारखा आवाज काढायचे. एकदा तर म्हणाले, "मास्तर, पंखा दुरुस्ती शिकून घे. अजून हात चालून राहिले तुहे." मी दोन दिवस विचारात होतो, हे कबूल करतो.

राज्य नवीन झालं तेव्हा सगळं शहर फटाके फोडत होतं. काका ओट्यावर बसून म्हणाले, "नवीन बिऱ्हाड हाय. सरकार पहिले भांडे घेईन, मंग पलंग घेईन, मंग पलंगाचे हप्ते भराले भांडे विकन." पुढे शहराबाहेर शेतांमध्ये नवी राजधानी उभी राहिली. सहा पदरी रस्ते, त्यांवर रांगेत दिवे आणि दिव्यांखाली विचार करत बसलेली एक गाय. काका ती पाहून आले आणि एवढंच म्हणाले, "पलंग घेतला."

निवडणुका आल्या की एक पक्ष हे फुकट म्हणायचा, दुसरा ते फुकट, आणि तिसरा म्हणायचा दोन्ही फुकट, वर बोनस. लोक टाळ्या वाजवायचे, काका कपाळ बडवायचे. मात्र विजेच्या बिलावरची सवलत काका बिनबोभाट घ्यायचे. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "जहाज बुडून राहिलं म्हणून त्यातलं जेवण वाया घालवाचं का?"

इथवर सगळी गंमतच होती. पण पल्लवी तिशीला आली, आणि गंमत जरा महागात पडू लागली.

पल्लवी एका खासगी शाळेत शिकवायची. मुलगी हुशार, दिसायला नीटस, स्वभावानं गोड. स्थळं यायची. आणि रायपूर पडलं राजधानीचं गाव, तेव्हा येणाऱ्या स्थळांतली निम्मी तरी राज्य सरकारच्या नोकरीतली. एकदा दुर्गहून एक कुटुंब आलं. मुलगा जलसंसाधन विभागात. मला मध्यस्थ म्हणून बसवलं होतं. पोहे आले, वडिलांनी मुलाची पगाराची श्रेणी छाती फुगवून सांगितली. काकांनी शांतपणे विचारलं,

"पोराले पगार कोन देते?"

"सरकार देते ना!"

"सरकारले कोन देते?"

"आता... जनता देते."

"जनता देते ते पुरत नाही. मंग?"

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"मंग उधारी काढते," काका म्हणाले. "आन एक दिवस उधारी देनारा नाही म्हनला, तं तुमचा पोरगा माह्या पोट्टीले काय खाऊ घालन? कालव्याचं पानी?"

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. मुलाची आई दारात चप्पल शोधताना जरा जोरातच म्हणाली, "माणूस सरकलेला आहे."

पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती वडिलांशी मराठीत कमीच बोलायची, तिच्या वयाची सगळीच मुलं इथे हिंदीत उत्तर देतात. ती म्हणाली, "पापा, राज्य जब डूबेगा तब डूबेगा. मेरी उम्र तो अभी निकल रही है."

काकांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली.

त्यानंतर वर्षभर स्थळं आली नाहीत. बूढापाऱ्यात बातमी पसरायला पेपर लागत नाही. आणि मग एका रविवारी पल्लवी माझ्याकडे आली. "भैया, पापा से आप बात करोगे?" तिनं स्वतः एकाला पसंत केलं होतं. सौरभ. भिलाईचा, आईवडील मूळ भंडाऱ्याचे. मुलगा चांगला, घर चांगलं.

"नोकरी?" मी विचारलं.

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मंत्रालय में."

"कुठल्या विभागात?"

"...वित्त."

म्हणजे सगळ्या राज्यात शोधून पोरीनं नेमका तोच विभाग निवडला होता, जिथे घाटा जन्माला येतो आणि त्याचं बारसं होतं.

मी काकांना सांगितलं तेव्हा ते उभे होते, ते खाली बसले. म्हणाले, "बलाव त्याले. एकच गोष्ट इचारतो."

सौरभ आला. सडपातळ, चष्मेवाला मुलगा. इस्त्रीचा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. काकांनी ना चहा विचारला, ना पत्रिका. समोर खुर्ची ओढून बसले.

"खरं सांग बेटा. राज्य बुडून राहिलं का नाही?"

मी मनात म्हटलं, आता हा मुलगा सरकारी उत्तर देणार : स्थिती समाधानकारक आहे, चिंतेचं कारण नाही. पल्लवी पडद्याआड होती. पडदा हलत नव्हता.

सौरभनं चष्मा काढून पुसला. "अंकल, राज्य डूबते नहीं हैं. देर करते हैं."

"म्हंजे?"

"पगार दे देते हैं. ब्याज भी भर देते हैं. पर ठेकेदार का बिल रोक देते हैं, स्कूल की छत रोक देते हैं, अस्पताल की दवाई रोक देते हैं. कहते हैं, अगले महीने."

"आन ज्याचं बिल रोकलं, तो?"

सौरभ मग पहिल्यांदा मराठीत बोलला, अडखळत, आईकडून शिकलेल्या मराठीत. "तो बुडते, काका. राज्य नाही बुडत. त्याचं घर बुडते."

काकांनी त्या मुलाकडे खूप वेळ पाहिलं. वीस वर्षं ते हाच प्रश्न सगळ्यांना विचारत होते. माझ्यासकट सगळ्यांनी एकतर टाळला होता, नाहीतर हसून नेला होता.

"पल्लवी," काकांनी हाक मारली, "चहा टाक. साखर बरोबर टाकजो, पोट्टा खोटं बोलत नाही."

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी काका रडले नाहीत. सौरभला बाजूला घेऊन त्याच्या कानाशी म्हणाले, "काही कमी पडलं तं मले सांगजो. तुमच्या विभागाले नाही, तुले कमी पडलं तं." जावई हसला. काका हसले नाहीत.

सौरभ-पल्लवीला नव्या राजधानीत सरकारी क्वार्टर मिळालं. आमच्या गल्लीपासून बसनं तासाभराचं अंतर. आणि काका एकदम गप्प झाले. भिंतीपलीकडून घाट्याच्या बातम्या येईनात. तलावाकाठच्या चहावाल्याकडे लोक मुद्दाम छेडायचे, "क्यों काका, कब डूब रहा है?" काका म्हणायचे, "चल रहा है भैया," आणि कप ठेवून निघायचे. गल्लीला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. आम्हाला दिवाळखोरीची इतकी सवय झाली होती, की ती नसल्यानं करमेना.

त्यातच माझ्या लक्षात आलं, की आठवड्यातून एक दिवस दुपारी काका धुतलेला सदरा घालून कुठेतरी जातात. एकदा मी शाळेतून लवकर सुटलो होतो, स्टॉपवर गाठ पडली. "कुठं काका?" "असंच. राजधानी पाहाले." मीही चढलो.

बसमध्ये मागच्या सीटवर एक गृहस्थ फोनवर मोठ्यानं बोलत होता. सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला कोणी ठेकेदार असावा, सरकारकडे त्याचं बिल अडकलेलं. "अरे कंगाल हो गई है सरकार! दिवाला निकल गया है!"

मला वाटलं, आता काका उठून त्याला मिठी मारतात. काका उठले खरे. त्याच्याजवळ जाऊन त्याचा फोन संपेपर्यंत थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "भैया, तुम्हारा पैसा मिलना चाहिए. मिलेगा. पर ऐसा मत बोलो."

तो माणूस चक्रावला. मी त्याहून जास्त.

काका परत येऊन बसले. "काका," मी म्हटलं, "हे तुम्ही बोलताय?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "आता ते पोट्टीचं सासर हाय, मास्तर. जिथं पोट्टी देल्ली, त्या घराबद्दल अभद्र बोलत नसतेत."

मला थट्टा सुचली होती, की मग तुम्ही राज्याचे व्याही झालात. ती मी गिळली.

आम्ही क्वार्टरांच्या वसाहतीसमोर उतरलो. सगळ्या इमारती एकसारख्या, फिकट पिवळ्या. रुंद रस्ता, माणूस नाही. काका रस्त्याच्या अलीकडेच थांबले, एका कडुलिंबाच्या रोपट्याजवळ. त्याची सावली त्यांच्या गुडघ्यापर्यंत पुरत होती. तिथून त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं. गॅलरीत कपडे वाळत होते. थोड्या वेळानं पल्लवी बाहेर आली, दोरीवरचे कपडे काढले, एक चादर झटकली, आत गेली. तिनं खाली पाहिलं नाही.

"चला ना वर," मी म्हणालो. "एवढं आलोय."

"नको."

"दर आठवड्याला येता आणि वर जात नाही? का?"

काकांनी कडुलिंबाचं एक पान तोडलं, चुरगळलं.

"पहिले गेलो होतो एकदा. बसा म्हनते, जेवा म्हनते. जावई बी खुर्ची सोडून उठते. मंग निघवत नाही ना बाप्पा."

लांबून परतीची बस येताना दिसली. काकांनी हात वर केला, बस बरीच दूर असतानाच.