चेंदवणकरकाकांचं 'समजा'

आमच्या बिल्डिंगमध्ये चेंदवणकरकाकांबरोबर लिफ्टमध्ये शिरायला कुणी धजत नाही. माणूस अत्यंत सज्जन. अंगाला पावडरीचा वास, खिशात दोन पेनं, हातात इस्त्री केलेली कापडी पिशवी. पण लिफ्टचं दार बंद झालं की ते आधी वर पंख्याकडे बघतात, मग तुमच्याकडे बघतात आणि अगदी प्रेमाने विचारतात, "समजा, ही आत्ता अडकली. पहिलं काय करशील?"

उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न येतो. "समजा, बेल वाजत नाही." मग, "समजा, वॉचमन जेवायला गेलाय." तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही घामाघूम झालेले असता आणि काका समाधानाने पुढच्या मजल्याकडे निघालेले असतात. चौथ्या मजल्यावरचे पेंडसे आजोबा दोन्ही गुडघे दुखत असतानाही जिना चढतात, ते व्यायामासाठी नव्हे.

काका ठाण्यातच कोलशेतला एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. आग लागायच्या आधी ती लागली असं समजायचं, गॅस गळायच्या आधी तो गळला असं समजायचं आणि शिट्टी मारून सगळ्यांना मैदानात पळवायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी तीस वर्षं इतकं मनापासून केलं, की त्या कंपनीत कधी काही झालंच नाही. "निरोपसमारंभात माझ्याबद्दल बोलायला कुणाला काही सुचेना," हे ते अजूनही अभिमानाने सांगतात. रिटायर झाल्यावर कंपनी कोलशेतला राहिली आणि 'समजा' आमच्याकडे, ठाणे पूर्वेला कोपरीत आलं.

सुधाकाकू होत्या तोवर त्यातली निम्मी 'समजा' त्यांच्यावरच खर्च व्हायची. "समजा, गॅस संपला." "मग बाहेर जेवू," काकू म्हणायच्या. "समजा, हॉटेल बंद आहे." "मग उपास करू, तुमचं पोटही जरा कमी होईल." चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून सगळा साठा बिल्डिंगच्या वाट्याला आला. आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा एकटीने उचलला तो मी.

झालं असं, की मी अकरावीत असताना कॉलेजच्या जर्मनच्या वर्गातून बारा जणांची निवड झाली. सोळा दिवस जर्मनीत, तिथल्या मुलांच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर शाळेत जायचं. माझं नाव यादीत होतं. मी उड्या मारत घरी आले. बाबा म्हणाले, "वा!" आई म्हणाली, "शक्य नाही."

"कोण कुठली बाई, तिच्या घरी ही झोपणार?" आईने काकांना विचारलं. काका रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येत. त्यांच्या घरी पेपर येतो, पण तो ते आमचा वाचून झाल्यावर ताडून बघतात.

"समजा, नाही पाठवली," काका म्हणाले.

"समजा कशाला? नाहीच पाठवत."

"ठीक. मग काय होईल?"

"काय व्हायचंय? घरी राहील. सुरक्षित राहील."

काकांनी पेपरची घडी घातली. "ताई, सुरक्षित ठेवणं म्हणजे घरात ठेवणं असतं, तर मी तीस वर्षं कंपनीला कुलूप लावून बाहेर बसलो असतो. पोरीला तयार करू. मला सहा रविवार द्या. सहाव्या रविवारी तुमच्या मनात एक जरी शंका उरली, तर नका पाठवू. मी स्वतः कॉलेजात जाऊन केतकीचं नाव काढून आणीन."

आईला हे पटलं. कारण शंकांच्या बाबतीत तिचा स्वतःवर पूर्ण भरवसा होता.

पहिल्या रविवारी काकांनी मला बॅग भरायला लावली. अगदी खरी, पासपोर्टच्या झेरॉक्सपासून आईच्या हातच्या लोणच्यापर्यंत. मग त्यांनी ती उचलून बघितली, चारही चाकं फिरवून बघितली, शाबास म्हणाले, गॅलरीत नेली आणि खाली सोडून दिली. पहिल्या मजल्यावरून. धप्पकन आवाज झाला. खाली भाजीवाला होता, तो "अरे देवा" म्हणून मागे सरला.

"काका!"

"बॅगा काय कुणी मांडीवर घेऊन नेत नाही, केतकी. बघ जा, काय फुटलंय."

लोणचं फुटलं होतं. माझे सगळे कपडे मोहरीच्या तेलात मुरलेले. आई दोन दिवस काकांशी बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी तिने गुपचूप लोणच्यासाठी स्टीलचा फिरकीचा डबा आणला.

पुढच्या रविवारी "समजा, बॅग आलीच नाही" झालं. म्हणजे काका माझी बॅग त्यांच्या घरी घेऊन गेले आणि कडी लावून बसले. जवळच्या लहान बॅगेत जे असेल त्यावर तीन दिवस काढायचे. माझ्याकडे होतं काय? पाण्याची बाटली, डिक्शनरी, लिपस्टिक आणि चिंगम. मी तीन दिवस एकाच कुर्त्यात कॉलेजला गेले. तिसऱ्या दिवशी मैत्रिणी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. मी काकांच्या दारात उभी राहून ओरडले, "निदान टूथब्रश तरी द्या!" आतून शांत आवाज आला, "टूथब्रश विमानतळावर शोधतायत. कळवतो."

एका रविवारी ते एप्रिलच्या उकाड्यात लग्नातला कोट घालून आमच्या डायनिंग टेबलापाशी बसले आणि इमिग्रेशन ऑफिसर झाले. बाबांनी रांगेत उभं राहायचं काम केलं. ते मात्र त्यांनी फार छान केलं.

पण खरी गंमत पाचव्या रविवारची. "समजा, फोन हरवला आणि तू रस्ता चुकलीस." काकांनी माझा फोन काढून घेतला, मला बसमध्ये घालून कोलशेतला त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटपाशी नेलं आणि म्हणाले, "आता इथून घरी ये. रिक्षापुरते पैसे आहेत. एकच नियम. मराठी, हिंदी बंद. फक्त जर्मन, फारच अडलं तर इंग्रजी." आणि ते वळणाआड गायब झाले.

मी घाबरत घाबरत एका रिक्षावाल्याजवळ गेले. पन्नाशीचे, कपाळाला अष्टगंध. मी म्हटलं, "एंटशुल्डिगुंग," म्हणजे माफ करा.

"काय झालं ताई? चक्कर येतीये का?"

मी मान हलवली. स्टेशन म्हणायचं होतं. "बानहोफ. बानहोफ."

"बाणकोट?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आमच्या मंडणगडाकडचं? ताई, तिकडं रिक्षा नाही जायची. एसटी बघावी लागेल."

मला हसू आवरेना. मी हाताने पूल दाखवला, ट्रेन दाखवली, पलीकडची बाजू दाखवली. शेवटी "ठाणे ईस्ट" म्हटलं, ते काही कुठल्याच नियमात बसत नव्हतं. रिक्षा निघाली. आरशात बघितलं तर मागे दुसऱ्या रिक्षात काका! चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र धरलेलं, उलटं.

घोडबंदर रोडच्या तोंडाशी गाड्यांचं नेहमीचं जंगल होतं. माझे रिक्षावाले कसबी. त्यांनी कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून रिक्षा काढली आणि मला कोपरीला आणून सोडलं. उतरताना म्हणाले, "बाणकोटला पाहुणे कोण तुमचे?"

मी घरी आले, हातपाय धुतले, आईला सगळं सांगितलं. पाऊण तास झाला तरी काका येईनात. आईने त्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून हॉर्नचा गोंगाट आणि त्यात काकांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"केतकी? तू... कुठे आहेस तू? मला दिसेनाशी झालीस. मी तीन सिग्नल धावत शोधलं."

"मी घरी आहे, काका. तुम्ही कुठे आहात?"

"मला... एक मिनिट. इथे एक पूल आहे."

"कुठलाही असू दे. आहात तिथेच थांबा. सावलीत उभे राहा. पाणी प्या. समोरच्या दुकानाचं नाव वाचून दाखवा. मी आणि बाबा येतोय."

फोन ठेवला तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. मग तिने कपाटातून कॉलेजचा फॉर्म काढला आणि पेन शोधायला लागली. सहावा रविवार लागलाच नाही.

निघायच्या दिवशी दुपारच्या विमानासाठी काकांनी आम्हाला सकाळी सहाला घराबाहेर काढलं. समजा टायर पंक्चर झाला, समजा ट्रक उलटला, समजा मंत्री आले. यातलं काहीच झालं नाही आणि आम्ही इतक्या लवकर पोचलो, की आमचे सर आमच्यानंतर तीन तासांनी आले. आई रडली, बाबांनी दुसरीकडे बघितलं. काकांनी मला एक शिट्टी दिली. कंपनीतली, पितळेची. "ही गळ्यात ठेव. दिसली नाही तरी चालेल," एवढंच म्हणाले.

आणि ऐका. तिकडे उतरलो, सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहिलो, तर आमच्यापैकी सात जणांच्या बॅगा आल्याच नाहीत. त्यात माझी होती. सगळ्या मुली रडकुंडीला आलेल्या. माझ्या पाठीवरच्या बॅगेत दोन ड्रेस, टॉवेल, साबण, सेफ्टी पिना आणि पाच जास्तीचे टूथब्रश होते. मी ते वाटत सुटले. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या घरी कुणी मिलिटरीत आहे का गं?" दोन दिवसांनी बॅगा आल्या. माझ्या बॅगेचा एक कोपरा चेपला होता. लोणचं ठणठणीत.

सगळं नीट चाललं होतं. ट्राम चुकली तर काय, पत्ता विसरला तर काय, ताप आला तर काय, सगळ्याची उत्तरं तयार. चौथ्या दिवशी तर काहीच चुकलं नाही. आणि त्याच दिवशी गडबड झाली.

मी ज्यांच्याकडे राहत होते, त्या बाई माझ्याच वयाच्या त्यांच्या मुलीला, लेनाला, ओरडत होत्या. लेनाने ओला टॉवेल पलंगावर टाकला होता. त्या भरभर बोलत होत्या, मला चार शब्दसुद्धा धड कळले नाहीत. पण अख्खं वाक्य कळलं. माझ्या आईचाच सूर, तसाच कमरेवर हात. मी मागच्या अंगणात जाऊन सफरचंदाच्या झाडाखाली बसले आणि मला असं रडू फुटलं की थांबेचना.

आईला फोन करणं शक्य नव्हतं. ती पोहत आली असती. मी काकांना फोन लावला. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात.

"बोल, केतकी. काय झालं? जखम? पासपोर्ट?"

"काही नाही झालं, काका," मी म्हटलं आणि पुन्हा भोकाड पसरलं.

मला वाटलं आता येईल प्रश्न. आला नाही. मागे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"मी अकरा वर्षांचा असताना गुहागरहून इथे काकांकडे शिकायला आलो," ते म्हणाले. "चाळीत राहायचो. सगळ्यांसमोर रडायची लाज वाटायची, म्हणून बादली घेऊन नळावर जायचो. बादली भरेपर्यंत रडायचो. काकू म्हणायची, पोरगा कामाला फार चांगला आहे."

मला हसू आलं, रडता रडता. "मग बंद कसं झालं?"

"बंद कुठलं? भूक लागायची, मग यायचो परत. तू रड बिनधास्त. मी आहे फोनवर. बोलायला हवं असं नाही."

मी रडले. मधेच एक डबा उघडल्याचा, मधेच पळीचा आवाज येत होता. हळूहळू माझे हुंदके थांबले. घरातून लेनाच्या आईची हाक आली, बहुतेक केक कापला होता.

"बरं वाटतंय, काका. ठेवते."

"हो, हो. ठेव," ते म्हणाले. मग जरा थांबून, "घाई आहे का गं?"

"नाही. का?"

"नाही, मी पान वाढून घेतलंय. भात आणि कुळथाचं पिठलं. विशेष काही नाही. पाच-दहा मिनिटं राहा की फोनवर. चालू ठेव नुसता."

मी परत झाडाला टेकून बसले. फोन स्पीकरवर ताटाशेजारी ठेवला असावा, कारण वाटी सरकवल्याचा आवाज अगदी कानाशी आला. काकू गेल्यापासून ते जेवताना कुणाशी बोलले असतील का, हे माझ्या तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात लेनाची आई अंगणात आली, माझे डोळे बघितले, काही न विचारता केकची बशी माझ्या शेजारी गवतात ठेवली आणि परत गेली.

"तू काय खातेयस?" काकांनी विचारलं.

"केक. सफरचंदाचा."

"गोड आहे?"

"कमी. तुम्हाला आवडला असता."

"हं," ते म्हणाले. आम्ही दोघंही खात राहिलो. ताक प्यायल्याचा आवाज आला. मग हात धुतल्याचा.

"केतकी," ते फोन जवळ घेऊन म्हणाले, "उद्या साधारण याच वेळेला रडू येईल का गं तुला?"

"येईल बहुतेक," मी म्हटलं.

"मग पाच मिनिटं अलीकडे कर. उद्या वरण-भात आहे, तो लवकर होतो."