किल्ली – पहा: कुलूप

"या वेळी सहलीची सगळी व्यवस्था मी करणार!"

निवृत्त ग्रंथपालांनी जेवणाच्या टेबलावर ही घोषणा केली आणि पाणी पिणाऱ्या मेहुण्याला असा ठसका लागला की समोरचं मीठ वाहून गेलं.

घरच्या सगळ्या सहली एकतीस वर्षं हा मेहुणाच ठरवत आला होता. ऑफिसच्या क्रिकेट संघाचा नेमलेला कप्तान आजारी पडला म्हणून तो एकदा, फक्त एका सामन्यापुरता, कप्तान झाला होता. तेव्हापासून सगळे त्याला कॅप्टन म्हणत आणि तोही इमानेइतबारे तसाच वागे. त्याच्या सहलीत पहाटे पाचला शिट्टी व्हायची, प्रत्येक धबधब्याला सात मिनिटं मिळायची आणि आठव्या मिनिटाला पुन्हा शिट्टी व्हायची.

"भाऊजी, तुम्ही?" कॅप्टन डोळे पुसत म्हणाला. "अहो, तुम्हाला कपाळावरचा चष्मा सापडत नाही!"

"तीस हजार पुस्तकांतलं हवं ते पुस्तक मी दोन मिनिटांत काढून देत असे," ग्रंथपाल म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले की पुन्हा म्हणावं लागलं. पस्तीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर जायचाच विसरला होता.

"मला तो जंगलातला तलाव बघायचाय," बायको म्हणाली. "तिथल्या लाकडी केबिनमध्ये राहायचं आणि दोन दिवस काठावर नुसतं बसायचं. शिट्टी नाही."

"ठीक आहे ताई," कॅप्टन म्हणाला. "भाऊजींना जमलं, तर यापुढच्या सहली तुमच्या. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी माझी योजना. दहा दिवस, चौदा शहरं, सगळा प्रवास बसने!"

बायकोचा चेहरा पडला. पण ग्रंथपालांच्या तोंडातून शब्द गेला होता!

ग्रंथपालांना एकच पद्धत येत होती, ती त्यांनी वापरली. एकाच मापाची सव्वीस खोकी आणली. सामानाची विषयवार वर्गवारी केली. खोक्यांवर फक्त क्रमांक घातले आणि कोणती वस्तू कुठल्या खोक्यात, हे सांगणारी कार्डं लाकडी खणात अकारविल्हे लावली.

"अहो, मीठ कुठे ठेवलंत?" बायकोने विचारलं.

"खनिजे. खोकं चार."

"आणि टॉवेल?"

"वस्त्रोद्योग. खोकं नऊ."

"माझी चप्पल कुठल्या शास्त्रात गेली?"

"वाहतूक," ग्रंथपाल अभिमानाने म्हणाले.

मुलगी दातांची डॉक्टर. तिने बापाच्या हसण्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, इतका आत्मविश्वास मी फक्त नवी कवळी बसवलेल्या लोकांत बघते."

ठरलेल्या दिवशी दुपारी चारला भाड्याच्या टेम्पोने चौघांना आणि सव्वीस खोक्यांना तलावाकाठी उतरवलं आणि टेम्पो निघून गेला. समोर पाणी इतकं पसरलं होतं की पलीकडचं जंगल हिरव्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघेसारखं दिसत होतं. बायको पाहतच राहिली. केबिनही फोटोत होती तशीच होती. दाराला कुलूप होतं.

"किल्ली?" कॅप्टनने हात पुढे केला.

"मालकाने टपालाने पाठवली होती. मी ती नीट ठेवली आहे."

"कुठल्या खोक्यात?"

"कार्ड बघून सांगतो." ग्रंथपालांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा कोऱ्या कार्डासारखा झाला. "खण... घरी राहिला."

"तो विसरू नये म्हणून कार्ड नव्हतं केलं?" मुलीने विचारलं.

"केलं होतं. ते त्या खणातच आहे."

कॅप्टनने खिशातून शिट्टी काढली आणि रुमालाने पुसायला घेतली. चौदा शहरं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती!

फोनला रेंज फक्त ओसरीच्या कोपऱ्यात आणि तीही खोक्यावर चढल्यावर मिळत होती. ग्रंथपालांनी खांबाला मिठी मारून शेजारच्या शिंपीकाकांना फोन लावला. घराची जादा चावी त्यांच्याकडे असे. काका आत गेले, खणासमोर बसले.

"काका, 'किल्ली' काढा."

"काढली. लिहिलंय, 'पहा: कुलूप'."

"मग कुलूप बघा."

"कुलूप... हं. 'पहा: सुरक्षा'."

"सुरक्षा बघा!"

बराच वेळ कार्डांची सळसळ ऐकू आली. "सापडलं! 'पहा: किल्ली'."

ग्रंथपालांनी खांब आणखी घट्ट धरला.

"अहो, सांगायचं नसेल तर तसं सांगा ना!" शिंपीकाका फोनवर चिडले. "या वयात मला गोल गोल कशाला फिरवता?"

आता एकच मार्ग होता. सगळी खोकी उघडायची! तासाभरात केबिनसमोरच्या गवतावर कंदील, दोर, भांडी, उशा, पुस्तकं, सगळ्या शास्त्रांचा बाजार मांडला गेला. किल्ली मात्र कुठल्याच शास्त्रात नव्हती.

तेवढ्यात तंबूत उतरलेले एक हाफपँटवाले गृहस्थ आले. "मेणबत्त्या आहेत का हो?"

खरं तर 'आम्ही दुकानदार नाही' म्हणायचं. पण पस्तीस वर्षांची सवय! ग्रंथपाल चटकन म्हणाले, "आहेत. इथे नाव लिहा. परतीची तारीख उद्या."

बातमी काठाने पसरली. कुणी दोर नेला, कुणी चाळणी. पाहता पाहता रांग लागली. शेजारच्या केबिनमधल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक नेलं आणि सहीखाली रेघ ओढली. कॅप्टन हात-पाय धुऊन येईपर्यंत त्याची उशीसुद्धा गेली होती!

मग वनरक्षक आला. "इथे दुकान लावायला बंदी आहे!"

"दुकान नाही हो," ग्रंथपाल घाबरून कुजबुजले. "आम्ही विकत नाही. नुसतं देतो. परत करायच्या अटीवर."

वनरक्षकाने कपाळाला आठ्या घातल्या, वहीत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डासांचं मलम आहे?"

"खोकं अकरा. सही करा."

ऊन उतरू लागलं. "बाबा," मुलगी म्हणाली, "टपाल आलं तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"वाचत होतो."

"आणि किल्लीचं पाकीट?"

ग्रंथपालांनी डोळे मिटले. मग उघडले. मग पुन्हा मिटले. "पानात खूण म्हणून घातलं."

"कुठल्या पुस्तकाच्या?"

त्यांनी बोट दाखवलं. दूर तलावात एका होडीत मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या आणि डोळ्यांसमोर पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक होतं.

"हाक मारा," बायको म्हणाली.

"मी?"

"अहो, चौदा शहरं!"

ग्रंथपालांनी खोल श्वास घेतला. आयुष्यभर वाचकांना गप्प करून साठवलेला सगळा आवाज त्यांनी एकदम बाहेर काढला. "पुस्तक परत कराऽऽऽ!"

पलीकडच्या जंगलाने तो आवाज झेलला आणि दुप्पट करून परत पाठवला. "परत कराऽऽ... कराऽऽ!"

काठावर एकच धावपळ उडाली! हाफपँटवाले मेणबत्त्या घेऊन पळत आले. दोर आला, चाळणी आली, चाळणीत अर्धवट चाळलेलं पीठही आलं. वनरक्षक निम्मं मलम हाताला तसंच ठेवून धापा टाकत हजर झाला. कॅप्टनची उशी तिघांनी मिळून आणली. कॅप्टन शिट्टी हातात धरून थिजून उभा होता. त्याच्या शिट्टीने एवढी माणसं कधीच हलली नव्हती.

शेवटी होडी आली. "मुदत उद्यापर्यंतची दिलीत आणि तासाभरात परत मागता?" बाई गरजल्या.

"आत एक पाकीट..."

"आहे की! पान पासष्ट. दुसऱ्याची खूण मी काढत नसते."

दार उघडलं. पण आत कुणी गेलंच नाही. सूर्य पाण्यात उतरत होता आणि बायको एका रिकाम्या खोक्यावर बसून ते पाहत होती. ती दुपारपासूनच तिथे बसली होती. ग्रंथपाल तिच्याशेजारच्या खोक्यावर टेकले.

"हरलो का गं मी?"

"किल्ली मिळेपर्यंत कुणी मला स्वयंपाकाचं विचारलं नाही की कुठे चल म्हटलं नाही," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत एवढी चांगली सहल झाली नव्हती. पुढच्या वर्षीही इथेच यायचं."

"म्हणजे भाऊजी जिंकले?" कॅप्टन पडेल आवाजात म्हणाला.

"छे! पुढच्या वर्षीची व्यवस्था मी करणार. एक पिशवी, आणि किल्ली माझ्या गळ्यात."

ग्रंथपालांना ते पटलं. पण स्वभाव कुठे जातो! त्यांनी खिशातून एक कोरं कार्ड काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'किल्ली – पहा: बायको.'

बायकोने पेन मागून घेतलं, दुसरं कार्ड घेतलं आणि तलावावरची नजर न हलवता संदर्भग्रंथांवर असते तशी सूचना लिहिली: 'बायको – फक्त तलावाकाठी बसूनच वापरावी. घरी नेता येणार नाही.'