सुमतीबाईंचा कायमचा पत्ता

माणूस जिथे राहतो तिथला तो नसतो, हे सत्य सरकारने फार पूर्वीच ओळखलेले आहे. म्हणूनच सरकारी फॉर्मवर पत्त्याचे रकाने दोन असतात. सध्याचा पत्ता म्हणजे माणूस जिथे जन्मतो, शिकतो, संसार करतो, नळावर भांडतो आणि बहुधा मरतो, तो. कायमचा पत्ता म्हणजे जिथे तो मे महिन्यात चार दिवस जातो (आणि पोट बिघडवून परत येतो), तो.

फॉर्म भरण्यात माझा हात धरील असा माणूस गिरगावात नाही. हे मी म्हणत नाही, आमची चाळ म्हणते. मी फक्त नाही म्हणत नाही. एकतीस वर्षे सरकारी कचेरीत काढून मी निवृत्त झालो आहे आणि चाळ मला अप्पा म्हणते. तेव्हा १९५८च्या जानेवारीत समोरचे कमलाकांत ताम्हाणे आणि त्यांच्या पत्नी सुमतीबाई पासपोर्टचा फॉर्म घेऊन माझ्याकडेच आले, यात नवल नव्हते.

प्रकरण साधे होते. त्यांची एकुलती एक नलू नैरोबीला दिली होती. जावई रघुवीर तिथल्या रेल्वेत. नलूला दिवस गेले होते आणि ऑगस्टमध्ये ती बाळंत होणार होती. घरात सासू नाही, नणंद नाही. तिने निळ्या हवाई पत्रावर लिहिले होते, ‘आई, तू येशील ना? मला फार भीती वाटते.’ सुमतीबाईंनी ते पत्र देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवले होते आणि दिवसातून दोनदा ते जागेवर आहे की नाही ते पाहत होत्या. जुलैची बोट मिळाली की झाले. हातात सहा महिने होते, आणि सहा महिन्यांत पासपोर्ट होत नाही असे कोण म्हणेल? (पुढे सरकारनेच म्हटले.)

फॉर्म सुरळीत चालला होता. कायमच्या पत्त्याशी येऊन अडला.

“लिहा की गिरगाव,” सुमतीबाई म्हणाल्या. “मी खेतवाडीत जन्मले. शाळा इथली, लग्न इथं झालं, नलू इथलीच.”

कमलाकांत दचकले. “अगं, हे आपलं बिऱ्हाड. ते कायमचा पत्ता विचारतायत.”

“बिऱ्हाड काय म्हणता? तुमचे आजोबा आले होते ना या खोलीत राहायला?”

“आले होते. पण तात्पुरते.”

मी मध्यस्थी केली. “वहिनी, सरकारी कागदावर मनाला येईल ते लिहून चालत नाही. खरं तेच लिहावं लागतं.” आणि वळणदार अक्षरात लिहिले: मुक्काम पोस्ट कोंडशेत. सुमतीबाई कोकणातल्या त्या गावी आयुष्यात एकदाच गेल्या होत्या, लग्नानंतर कुलदेवतेची ओटी भरायला. पण हा तपशील विचारणारा रकाना फॉर्मवर नव्हता.

कोणी म्हणेल, ही कमलाकांतांची लहर. मुळीच नाही. मी स्वतः केलेल्या शिरगणतीनुसार (ती कोणी मागितली नव्हती) आमच्या चाळीत बावन्न बिऱ्हाडे आहेत. त्यांपैकी कोकणातली एकतीस, घाटावरची चौदा, गोव्याकडची सहा आणि एक बिऱ्हाड सांगत नाही. मुंबईचे एकही नाही. याच बावन्न बिऱ्हाडांतून संयुक्त महाराष्ट्राच्या गेल्या मोर्चाला सत्त्याऐंशी माणसे गेली होती आणि मुंबई आमची आहे हे त्यांनी घसा बसेपर्यंत सांगितले होते. त्या दिवशी चाळीत मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांसाठी पाणी पुरले नाही.

असो. सुमतीबाई फॉर्मनुसार ग्रामीण भागातल्या रहिवासी ठरल्या आणि त्यांची चौकशी ग्रामीण भागाकडे गेली. धक्क्यावरून लाँचने, पुढे एस.टी.ने आणि शेवटचे तीन मैल पायी असे टपाल कोंडशेतला पोचायला दोन दिवस लागतात. कागदाला दहा आठवडे लागले, कारण कागद वाटेत प्रत्येक कचेरीत मुक्काम करतो.

कोंडशेतच्या पोलीस पाटलांनी चौकशी चोख केली. ताम्हाण्यांच्या घरात कमलाकांतांचे चुलतभाऊ राजाराम राहतात. पाटलांनी विचारले, “कमलाकांतांची बायको हितं ऱ्हाते का?” राजारामांच्या डोळ्यांपुढे परसातला फणस आला. आज बाई राहते म्हटले तर उद्या फणसात वाटा मागतील. ते म्हणाले, “छे छे! कोण सुमती? इथे मी राहतो.”

अहवाल आला: अर्जदार बाई कायमच्या पत्त्यावर राहत नाहीत. मग मुंबईला विचारणा झाली. मुंबईने उत्तर दिले: बाई इथे आढळतात, परंतु त्यांच्याच लेखी कबुलीप्रमाणे त्या इथल्या नव्हेत. दोन्ही उत्तरे बिनचूक होती. सुमतीबाई कुठेच राहत नाहीत हे त्यातून सिद्ध झाले, आणि जी बाई देशात कुठेच नाही तिला देशाबाहेर सोडायचे कुठून, हा सरकारचा पेच कोणाही विचारी माणसाला पटेल.

तोवर मे उजाडला होता. “अहो, तो पत्ता खोडून इथला घाला ना,” सुमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. कमलाकांत पडवीत, म्हणजे आमच्या गॅलरीत, येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “गाव नाही असं लिहून द्यायचं? लोक काय म्हणतील? आपण काय उपरे आहोत?”

तेव्हा उपाय एकच उरला. सुमतीबाई जिथे राहतात तिथे त्यांनी राहायला जायचे.

त्या गेल्या. बरोबर एक ट्रंक होती. तिच्यात डिंकाचे लाडू, बाळंतकाढ्याच्या पुड्या, वेखंड, दोन कुंच्या आणि जुन्या पातळाची मऊ दुपटी. चौकशी झाली की कोंडशेतहून परस्पर बोटीवर, असा बेत होता. ‘फणसावर आमचा हक्क नाही’ अशी चिठ्ठी कमलाकांतांनी लिहून दिल्यावर राजारामांना वहिनी एकदम आठवल्या. पाटलांनी जबाब घेतला. आता फक्त तालुक्याच्या फौजदारांनी येऊन, बाई डोळ्यांनी पाहून, सही करायची होती. सुमतीबाई रोज सकाळी नऊवारी नेसून ओसरीवर दिसतील अशा बसत. फौजदार आले नाहीत.

ते का आले नाहीत, हे मला नि कमलाकांतांना जूनमध्ये कळले. आम्ही मोर्चात होतो. (मी नातवाची टोपी डोळ्यांवर ओढून, कारण माझे पेन्शन आहे.) पुढे बंदोबस्त उभा होता आणि त्यात बाहेरगावाहून आणलेला एक थकलेला फौजदार होता. कमलाकांत त्याच्या नाकासमोर मूठ नाचवून ओरडले, “मुंबई आमची आहे!”

“असेल हो,” फौजदार म्हणाला. “तुमचं गाव कुठलं?”

“कोंडशेत!” कमलाकांत त्याच जोरात म्हणाले.

“काय सांगता! माझ्याच हद्दीत.” त्याला खरोखर आनंद झाला. “तिथं एक बाई माझी वाट बघत बसलीय म्हणे, लेकीच्या बाळंतपणाला जायचंय तिला. एक सही करायचीय फक्त. पण तुम्ही लोक घरी जाल तेव्हा मला सोडतील ना.”

कमलाकांतांची मूठ खाली आली. ते दोन पावले मागेही सरले. मला वाटले, आता हा माणूस घरी जाईल. तेवढ्यात मागून घोषणा आली आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. शेजारी माझाही होता.

जुलैची बोट गेली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात निळे पत्र आले. नलूला मुलगा झाला होता. दोन दिवस फार कठीण गेले, पण शेजारच्या एक गुजराती बाई उशाशी बसून राहिल्या आणि त्यांनीच सगळे केले. नलू मूळची कुठली, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही. (हे नियमाला धरून नव्हते.)

सुमतीबाई ट्रंक घेऊन परत आल्या. पत्र त्यांनी दारातच उभ्याने वाचले, मग ट्रंक उघडून डिंकाचे लाडू चाळभर वाटले. मला दोन मिळाले. त्या दिवशी मला त्यांच्याकडे पाहवले नाही. लाडू चांगले झाले होते.

सप्टेंबरात कोंडशेतच्या पत्त्यावर सरकारी पत्र गेले. ‘अर्जात नमूद केलेले कारण जन्मास आल्यामुळे अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ इतकी स्वच्छ भाषा हल्ली वाचायला मिळत नाही.

१९६० साली पहिल्या मेला महाराष्ट्र झाला, मुंबईसह. चाळीवर तोरणे लागली, कमलाकांतांनी पेढे वाटले आणि बावन्न बिऱ्हाडे एकमेकांच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीबाई एकट्याच माझ्याकडे आल्या. हातात कोरा फॉर्म होता. नलूला पुन्हा दिवस गेले होते.

“अप्पा, मुंबई आपली झाली ना?”

“झाली वहिनी.”

“मग या खेपेला गिरगाव लिहा.”

मी लिहिले. वळणदार अक्षरातच लिहिले. मात्र नियम असा, की कायमचा पत्ता बदलताना दोन प्रतिष्ठित साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि साक्षीदार स्वतः मुंबईचे कायमचे रहिवासी असावे लागतात. सुमतीबाई फॉर्म घेऊन बावन्न दारे फिरल्या. सगळ्यांनी चहा दिला. “सही केली असती हो, पण आम्ही मूळचे...” असे म्हणून प्रत्येकाने गावाचे नाव सांगितले. शेवटी त्या माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. मी एकोणसाठ वर्षे गिरगावात आहे. माझे गाव राजापूरजवळ आहे.

फॉर्म अजून माझ्या टेबलावर आहे. सह्यांच्या दोन्ही जागा कोऱ्या आहेत आणि नलूचे दिवस भरत आले आहेत. वाचकहो, आपण हे मुंबईतच बसून वाचत असाल, तर कृपया पेन घेऊन यावे. चाळ कोणीही दाखवील. फक्त जिना चढण्यापूर्वी खाली पानवाला विचारील, “आपण मूळचे कुठले?” त्याला काय उत्तर देता, ते जरा ऐका.